डीपीजवळचं वळण

ठाकुर्ली, ११ जून

दादा,

तुझा मेसेज पोचला. 'श्रावणाच्या आत ठरव. खोली रंगवून ठेवली आहे.' कोणता रंग दिलास ते लिहिलं नाहीस. रुचितावहिनीने निवडला असेल तर काहीतरी फिकट असेल. तू निवडला असशील तर ऑफ-व्हाइट, कारण तुझ्या मते बाकीचे सगळे रंग मळतात.

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. ऑपरेशननंतर डाव्या कानात काही उरलेलं नाही, ना ऐकणं ना तोल, हे तुला माहीतच आहे, आणि उजव्याला फोन लावला की डावीकडचं गुणगुणणं इतकं चढतं की तुझा आवाज त्याच्या तळाशी जातो. मेसेज लिहायला गेलं तर पडद्यावरची अक्षरं सरकतात. कागद सरकत नाही. म्हणून हे ब्लाउजच्या पॅटर्नच्या ब्राउन पेपरवर लिहितेय. पाठीमागे एखादी बाही दिसली तर ती तुझ्यासाठी नाही.

एकच विचारायचंय. माझी गाडी आणखी कमी जागेत वळेल असं काही करता येईल का?

वहिनीने गाडी धड पाहिलेली नाही, म्हणून तिलाही कळेल असं लिहिते. पुढे दोन चाकं, मागे एक. मध्ये रेलून बसायची खुर्ची, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंच. पाय पुढे लांब करून पायडल मारायचं आणि हँडल खुर्चीच्या खाली, दोन्ही बाजूंना. तू तिला रिकम्बंट ट्राइक म्हणायचास, गल्लीतली मुलं झोपगाडी म्हणतात. तोल गेलेल्या माणसाला यापेक्षा चांगलं वाहन नाही, कारण हिच्यात तोल लागतच नाही. रिक्षात पहिल्याच खड्ड्याला माझं डोकं फिरतं, चालायचं तर भिंत धरावी लागते. या गाडीत बसले की मी रस्त्यावर चारचौघांसारखी असते. फक्त चारचौघांच्या गुडघ्याएवढी.

अडचण डीपीच्या कोपऱ्याची आहे. आपल्या गेटपासून गल्ली चढत जाते आणि नव्वद फुटी रस्त्याला लागायच्या आधी विजेच्या डीपीचा तो हिरवा डबा आणि समोरची कंपाउंडची भिंत यांच्यामधून एकदम डावीकडे वळते. तिथे गाडी एका दमात वळत नाही. मागे घेऊन पुन्हा वळवावी तर मागे उतार. कोणीतरी मागचं चाक उचलून बाजूला ठेवावं लागतं. जाताना एकदा, येताना एकदा. तू इथे होतास तोवर तू ठेवायचास. दोन वर्षं झाली, आता चंद्रभागामावशी ठेवते.

चंद्रभागामावशी म्हणजे डीपीच्या सावलीत मासळी घेऊन बसते ती. खाडीकाठच्या गावातून येते. या दिवसांत तिच्या पाटीत सुकट, बोंबील आणि खाडीच्या चिंबोऱ्या. मी चढावर दिसले की तिथूनच ओरडते, "आली गो बाय माजी खाट!" मग हात पदराला पुसते, मागचं चाक उचलते, ठेवते आणि रोज तेच म्हणते, "तुजा भाव मोटा शाना. गारी बनवली, आन् वलवाची इसरला."

सोमवारी, गुरुवारी आणि चतुर्थीला लोक मासळी घेत नाहीत, म्हणून ती येत नाही, म्हणून मी घरात. वॉचमन दोनदा आला, तिसऱ्यांदा फोनवरच बोलत राहिला. कोपऱ्यात अडकले की मागून हॉर्न वाजतात आणि ते मला एकाच कानाने ऐकू येत असल्यामुळे कुठून वाजतायत ते कळत नाही. म्हणून मी मासळीच्या वारांवर जगते. ब्लाउज कटिंगचा क्लास सोमवार-गुरुवार ठेवलाय, दोरे-बटणं आणायला मंगळवार. आणि श्रावणात ती महिनाभर येणार नाही.

हे तुला ठाऊक आहे. म्हणूनच तू श्रावणाची मुदत दिलीस, हो ना?

तर माझंही एक ठरलं. गाडी त्या कोपऱ्यावर कुणाच्या मदतीशिवाय वळली, तर मी इथेच राहीन. नाही वळली तर कळव्याला तुमच्याकडे येईन, आणि रंगाबद्दल काही बोलणार नाही.

उत्तर कागदावर दिलंस तर बरं.

मेघाली


ठाकुर्ली, २२ जून

दादा,

कागदावर नाही दिलंस. मोबाइलवर दिलंस, आणि तेही दोन शब्दांत. 'नको. उलटेल.'

तुझं हे 'नको' मी लहानपणापासून ओळखते. त्याच्यापुढे कारण कधीच नसायचं. या वेळी निदान एक शब्द तरी आहे.

बरं, मी काय केलं ते सांगते. गुरुवारी क्लासात बायकांना अंब्रेला घागरा शिकवत होते. त्याचं एक सोपं आहे. कागदाची घडी घालायची, घडीचा कोपरा हाच मध्य, आणि टेप त्या कोपऱ्यावर बोटाने दाबून फिरवायचा. कमरेची गोलाई, खालचा घेर, सगळं एकाच बिंदूपासून. बोट जरा जरी सरकलं तर घागरा एका बाजूने लोंबतो. शेवंती नावाची एक आहे, तिचं बोट नेहमी सरकतं. मी तिला ओरडत होते, "अगं, मध्य सोडू नकोस, मध्य एकच!" आणि ओरडता ओरडता थांबले.

बायका गेल्यावर खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीची मापं घेतली. जमिनीवर बसून घेतली, काळजी नको. मग क्लासात जशी पाव मापाची पट्टी वापरतो तसा पाव मापाचा खाका काढला. गाडी वळते तेव्हा तिन्ही चाकं गोल फिरतात. म्हणजे तिन्ही चाकं तीन घेर आखतात आणि त्या तिन्ही घेरांचा मध्य एक हवा. मागचं चाक वळतच नाही, तेव्हा तो मध्य मागच्या चाकाच्या आसाच्या रेषेतच कुठेतरी असणार. आतल्या बाजूचं चाक मध्याच्या जवळ, त्याचा घेर लहान, म्हणून त्याने जास्त वळायला हवं. बाहेरचं कमी.

तुझी दोन्ही चाकं सारखीच वळतात, दादा. पार्किंगमध्ये हँडल ओढून बघितलं, अगदी समांतर. दोन चाकं दोन वेगवेगळे घागरे शिवतायत. म्हणून वळताना टायर फरफटतं, आणि म्हणूनच त्याची एक कड इतकी झिजलीय. तू दर वेळी "रस्ता खराब आहे" म्हणायचास.

मला फार आनंद झाला आणि सांगायला कोणी नव्हतं. खिडकीशी जाऊन उभी राहिले. समोरच्या इमारतीतली बाई कपडे वाळत घालत होती. तिला काय सांगणार?

तुझा जुना सोबती विश्राम, मानपाड्याच्या वर्कशॉपमधला, त्याचा नंबर वहिनीकडून घेतलाय. तिच्यावर चिडू नकोस. तिला कशासाठी हवाय ते मी सांगितलं नव्हतं.

मेघाली


ठाकुर्ली, ७ जुलै

दादा,

विश्राम काल येऊन गेला. ग्राइंडर, ड्रिल, वेल्डिंगचं छोटं मशीन, सगळं स्कूटरवर लादून. बोलणं अजून तसंच आहे, थांबत नाही.

"मेघाताई, विनीतला विचारलंत ना?"

"गाडी कोणाची आहे?"

"तुमचीच हो. पण बनवलेली त्याने ना. उद्या मला बोलेल, तू कशाला हात लावलास."

"त्याला सांगा, बहिणीने धमकी दिली."

"हां, हे चालेल," म्हणाला आणि बूट काढून कामाला बसला.

पुढच्या प्रत्येक चाकाला जो आडवा हात आहे, ज्याला दोन्ही चाकं जोडणारा दांडा लागतो, तो सरळ मागे जातो. माझ्या खाक्यात तो थोडा आत कललेला हवा, म्हणजे वळताना आतलं चाक आपोआप जास्त वळेल. विश्रामने कागद उलटा धरला, सुलटा धरला, मग म्हणाला, "हे ब्लाउजचं आहे की गाडीचं?" पण पटलं त्याला. हात कापून, कलवून पुन्हा जोडले. हँडलचा दांडा जिथे जोडतो तिथे बिजागरीच्या जवळ एक नवं भोकही पाडलं, म्हणजे हँडल तेवढंच ओढून चाक जास्त फिरेल.

मग त्याने हँडल पूर्ण ओढलं आणि चाक मध्येच थांबलं. खट्ट. माझ्या खाक्याप्रमाणे ते अजून बरंच जायला हवं होतं.

तो खाली वाकला, रबराची नळी मागे सरकवली. नळीच्या आत लोखंडाची एक छोटी पट्टी आहे. वेल्ड केलेली, वरून रंग दिलेला.

"ही काय आहे?"

"ती... स्टॉपर आहे. अडवायला."

"कोणी लावली?"

"मीच. म्हणजे विनीतने लावायला सांगितलेली. मी बोललेलो त्याला, अरे इतकी कशाला, गाडी वळणारच नाही. तो बोलला, तेच पाहिजे."

तेच पाहिजे.

मी त्याला चहा केला. प्यायला. पट्टी कापायला सांगितली तर हात पुढे होईना. मी ग्राइंडर हातात घ्यायला लागले तेव्हा कापली.

दादा, इतकी वर्षं मला वाटायचं तुला जमलं नाही. तू हुशार, पण त्या कोपऱ्याचं माप चुकलं. चंद्रभागामावशी तुझी थट्टा करायची तेव्हा मला वाईट वाटायचं, मी तुझी बाजू घ्यायचे. आणि तू मोजून-मापून मला किती वळू द्यायचं ते ठरवलं होतंस. मला विचारलं असतंस तर मी बहुतेक हो म्हटलं असतं. तेव्हा मी कशालाही हो म्हणत होते. पण तू विचारलं नाहीस. वर रबर चढवलंस.

अक्षर वाकडं येतंय. उजवं कोपर ओट्याला लागलंय, म्हणून.

या पत्राचं उत्तर नको.

मेघाली


ठाकुर्ली, २० जुलै

दादा,

उत्तर नको म्हटलं तर खरंच पाठवलं नाहीस.

कोपर ओट्याला लागलं नव्हतं. तुला न सांगता राहवत नाही, म्हणून सांगते. पट्टी कापल्यावर विश्राम गेला आणि मी तशीच गाडी काढली. रविवार, मासळीचा वार, चंद्रभागामावशीच्या पाटीभोवती गर्दी. मला सगळ्यांच्या देखत वळायचं होतं. चढावरून जोरात आले, हँडल पूर्ण ओढलं, गाडी डावीकडे वळली. इतकी सुंदर वळली, दादा! आणि मग डावं चाक जमिनीवरून उचललं गेलं आणि मी उजव्या कुशीवर, गाडीसकट, डीपीपाशी.

चिंबोऱ्या घ्यायला आलेल्या लोकांनी उचललं. मावशीने माझ्या कोपरावर पाणी ओतलं, मासळी धुवायचंच, आणि म्हणाली, "तुजा भाव खरंच शाना होता गो."

म्हणजे 'उलटेल' हा शब्द खरा होता. एवढं तुझं.

हळू गेलं तर उलटत नाही, हेही मी नंतर बघितलं. पण चढावर फार हळू गेलं तर गाडी मागे येते. विश्रामला फोन केला, उजव्या कानाने, मोठमोठ्याने. तो म्हणाला पुढची चाकं एकमेकांपासून लांब करू. पण मग गाडी गेटच्या छोट्या दारातून निघणार नाही. आणखी एक झालं. चाक आता खुर्चीच्या दांड्याला घासायला लागलं. चूक माझी. खाक्यात मी चाक म्हणजे एक रेघ काढली होती, टायरला जाडी असते हे विसरले. क्लासात मी बायकांना शिलाईसाठी मार्जिन सोडलं नाही म्हणून कापड परत करते. विश्रामने बारीक टायर आणून बसवले आणि काही बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसाने काही न बोलणं फार लागतं.

आता उरला एकच उपाय, त्याला लोखंड लागत नाही. वळताना अंग आत टाकायचं. डावीकडे वळायचं तर डावीकडे झुकायचं, म्हणजे आतलं चाक उचलत नाही.

तुला कळेल हे माझ्यासाठी काय आहे. डावा कान म्हणजे माझी मेलेली बाजू. मी डोक्यावर भरलेली कळशी असल्यासारखी मान धरून वावरते. डावीकडे जरा कललं की जमीन वर उठून अंगावर येते. ती येत नाही हे मला माहीत आहे. पण शरीराला कोण सांगणार?

रोज सकाळी पार्किंगमध्ये जाते. गाडी उभीच ठेवते, रेलून बसते, समोरच्या भिंतीवरच्या आगीच्या लाल बादलीवर नजर ठेवते आणि डावीकडे झुकते. पहिल्या दिवशी ओकारी आली. तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "अगं, बरं नसताना कशाला खाली येतेस? विनीत असता तर ओरडला असता." मी हो म्हटलं.

आता जमीन वर येते, पण येऊन थांबते. लागत नाही.

तिथे बसल्या बसल्या एक गोष्ट लक्षात आली. तू ती पट्टी लावलीस तेव्हा तू कुठे जाणार नव्हतास. तेव्हा वहिनी नव्हती, कळवा नव्हतं. आपण दोघंच म्हातारे होणार असं आपलं न बोलता ठरलेलं होतं. मागचं चाक उचलायला तू रोज असणारच होतास. त्या हिशेबाने तुझं माप बरोबर होतं.

हे मी तुला माफ केलं म्हणून लिहीत नाही. फक्त लक्षात आलं म्हणून लिहिलं.

मेघाली


ठाकुर्ली, २८ जुलै

दादा,

आज सोमवार. श्रावणातला सोमवार. कोपऱ्यावर कोणी नव्हतं. मावशीच्या बसायच्या फरशीवर एक कुत्रं झोपलं होतं.

मी चढ चढले. डबा आला. नजर भिंतीवरच्या पोस्टरवर ठेवली आणि डावीकडे झुकले. जमीन वर आली. मी हँडल ओढलं, जमिनीला येऊ दिलं आणि पायडल मारत राहिले. डोळे मिटले असणार, कारण उघडले तेव्हा समोर नव्वद फुटी रस्ता होता.

एका दमात. कुणाचा हात नाही.

मी थांबलेच नाही. सरळ जात राहिले. शंकराच्या देवळाबाहेर बेलाच्या पुड्या विकणारे बसले होते, बायकांची रांग होती. मी कित्येक महिन्यांनी सोमवार बाहेरून पाहिला. सोमवारी लोक असे दिसतात हे मी विसरले होते. उपासाचे, जरा चिडके, हातात तांब्या. मीही एक पुडी घेतली. देवळात पायऱ्या आहेत म्हणून गेले नाही. बेल घरी आणून पाण्यात घातला.

येताना उजवीकडे वळायचं असतं, ते सोपं गेलं. चांगल्या कानाची बाजू.

गेटपाशी वॉचमन फोनवर बोलत होता. त्याने हात केला. मी आपली आपण गेले आणि आले, हे त्याच्या लक्षात आलं नाही. मी सांगितलंही नाही. घरी आले, जेवले. मग हे लिहायला बसले.

वहिनीचा मेसेज आला होता, आज वाचला. 'मेघाताई, पट्टीचं पत्र आल्यापासून हे गप्प आहेत. जेवताना दोन्ही हात हवेत धरून काहीतरी वळवून बघतात. मी विचारलं तर म्हणाले, माप बघतोय. तुम्ही पडलात हे कळल्यावर ताटावरून उठले. तुम्ही यायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण यांच्याशी बोला.'

वहिनी चांगली आहे. हे मी तुला आधी कधी सांगितलं नाही.

ठरल्याप्रमाणे मी इथेच राहते आहे. खोलीत तुमचं सामान ठेवा.

राखी कुरिअरने पाठवीन.

मेघाली


ठाकुर्ली, १० सप्टेंबर

दादा,

राखी पोचली हे तुझ्या मोबाइलवरच्या अंगठ्याच्या खुणेवरून कळलं. बांधली कोणी? वहिनीने असेल.

गौरी-गणपती गेले आणि चंद्रभागामावशी परत येऊन बसली. पापलेट आलेत. मी महिनाभर या क्षणाची वाट पाहत होते, खोटं कशाला सांगू. चढावर दिसले तशी ती ओरडली, "आली गो माजी खाट!" आणि हात पदराला पुसत उठायला लागली. मी तिला हाताने बस म्हटलं, झुकले आणि वळले. तिच्या पाटीच्या अगदी कडेने.

ती अर्धी उठलेली तशीच राहिली. मग खाली बसली.

"वलली!" म्हणाली. मग गिऱ्हाइकाला सांगितलं, "बगितलंस? आपली आपन वलली." तिला खरंच आनंद झाला. दोन पापलेटं बळेच माझ्या पिशवीत टाकली. मग म्हणाली, "चला, आता मना काय काम नाय ठेवलास."

मी हसले. तीही हसली.

त्याला आठवडा झाला. आता मी रोज जाते, कोणत्याही वारी. कोपरा आला की वळते. मावशी गिऱ्हाइकाशी बोलत असते, मान वर करते, "हां गो" म्हणते आणि मी पुढे गेलेली असते. पूर्वी ती चाक उचलायची तेवढ्यात किती बोलायची. सुनेचं, गुडघ्याचं, खाडीतल्या घाण पाण्याचं. चाक खाली ठेवल्यावर माझ्या खांद्यावर एक थाप मारायची, गाडीला मारावी तशी. मासळीच्या वासाचा तो हात. दादा, दिवसभरात मला हात लावणारं तेवढंच एक माणूस होतं.

आता कोणीच लावत नाही. परवा मुद्दाम थांबले, मासळी घ्यायला म्हणून. तिने दिली, पैसे घेतले, मागे रांग होती. मी गेले.

गाडी चांगली वळते, याबद्दल तक्रार नाही. ती पट्टी मी पुन्हा लावणार नाही. मला फक्त एवढं माहीत नव्हतं की ती पट्टी कापली तर तिच्याबरोबर काय काय जाईल.

तुझंही तसंच आहे की काय, असं मनात येतं. तू आजवर कधी नुसता आलेला मला आठवत नाही. भाऊबीजेला आलास तरी आधी खाली जाऊन गाडीला ग्रीस लावलंस, मग काळ्या हातांनी पाटावर बसलास. मी ओवाळताना तू चाकातल्या हवेबद्दल बोलत होतास. आणि मीही तुला कधी नुसतं बोलावलं नाही. नळ गळतोय, फ्यूज उडाला, गाडी कुरकुरतेय, असं काहीतरी काढायचे. तू गेलास तेव्हाही मी जाऊ नकोस म्हटलं नाही. चाक कोण उचलणार, एवढंच म्हटलं. तू त्याचं उत्तर शोधत राहिलास, अगदी भिंती रंगवण्यापर्यंत. मला वाटतं, तू ज्या प्रश्नाचं उत्तर शोधलंस तो माझा प्रश्नच नव्हता.

आता माझ्याकडे बिघडलेलं काही नाही. नळ ठीक आहे. गाडी ठीक आहे. कोपरही भरलंय. तुला बोलवायला माझ्याकडे एकही कारण उरलेलं नाही, म्हणून हे पत्र लिहायला इतके दिवस लागले.

दादा, ये. रविवारी ये, नाहीतर कुठल्याही वारी. वहिनीला घेऊन ये. आपण बसू. उजव्या बाजूला बस म्हणजे मला ऐकू येईल. काही सुचलं नाही तर गप्प बसू, तेही मला चालेल.

फक्त येताना हत्यारांची पिशवी आणू नकोस.

तुझी,
मेघा